चोवीस दात्यांचं चेनव्हील

सन दोन हजार चौदाच्या माघ महिन्यात, रब्बीची ज्वारी काढणीला आली होती तेव्हा, एकदा एक माणूस आपल्या तीनचाकी सायकलसकट टेंपोत बसून घाटाच्या दुसऱ्या वळणावरून परत आला. त्याचं नाव श्रीरंग. घाटाखालच्या बाजारगावात तो राहत असे. वय अडतीस. काम टर्नरचं, लेथवर लोखंड कातायचं.

तीन वर्षांपूर्वी त्याच घाटात तो बसलेला ट्रक कलंडला होता. रस्त्यावर दरड पडलेली, वाहनं बंद. पठारावरचा मायाप्पा नावाचा मेंढपाळ त्या वेळी वाटेनं येत होता. त्यानं श्रीरंगला पाठीवर बांधलं आणि पायवाटेनं खाली दवाखान्यात आणून सोडलं. श्रीरंग वाचला, पण कंबर कायमची अधू झाली. दोन चाकांवर तोल राहीना, चढावर चार पावलं चालता येईना.

बरा झाल्यावर त्यानं मायाप्पाला विचारलं, उपकार कसे फेडू? पैशाचं नाव काढताच मायाप्पानं तोंड फिरवलं. मग हसून म्हणाला, "तुझं वजन मी पाठीवर खाली आणलं. तेवढ्या वजनाचं मीठ तू वर आण. मेंढरांना लागतंच. फिटलं म्हणेन."

मायाप्पा गमतीनं बोलला होता, पण श्रीरंगनं ते मनाला लावून घेतलं. केसपेपरवर त्याचं त्या दिवशीचं वजन लिहिलेलं होतं, बावन्न किलो. जीपमध्ये घालून बावन्न किलो मीठ कोणीही नेलं असतं. पण मायाप्पानं जीप वापरली नव्हती, तर आपणही वापरायची नाही, असं श्रीरंगनं ठरवलं. वर्षभर खपून त्यानं ती सायकल बनवली. पुढे दोन चाकं, मागे एक. आरामखुर्चीत रेलावं तसं पाठ टेकून बसायचं, पाय पुढे पसरायचे, पायडल पावलांसमोर. पाठीमागे मीठ ठेवायला लोखंडी चौकट.

आणि आता निरोप आला होता की मायाप्पाचा मुलगा महाशिवरात्रीनंतर कळप विकणार, म्हातारा लेकीकडे जाणार. मेंढरंच नसतील तर मीठ कुणासाठी न्यायचं? हातात तीन आठवडे होते. पहिली खेप तर दुसऱ्या वळणालाच संपली. चढ लागला तशी सायकल जड झाली, श्रीरंगनं दात-ओठ खाऊन पाय रेटले, गुडघ्यात कळ आली आणि चेन तुटली. दुधाचे कॅन घेऊन जाणारी पोरं थांबली. त्यांतला एक म्हणाला, "श्रीरंगदादा, झोपूनच घाट चढायचा तर उशी तरी घ्यायची." त्यांनीच टेंपो थांबवून दिला. ते श्रीरंगला चेष्टेपेक्षा जास्त लागलं.

त्या गावात बाबालाल वस्तादांचं सायकलचं दुकान होतं. वस्तादांचं वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी. श्रीरंग पोरवयात त्यांच्याच हाताखाली चाकं बांधायला शिकला होता. वस्ताद कमी बोलत, आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. ही सायकल बनवताना श्रीरंगनं त्यांना काही विचारलं नव्हतं, म्हणून वर्षभर ते तिच्याकडे बघूनही न बघितल्यासारखे बसले होते. आता मात्र त्याला विचारावं लागलं. चेन आणखी मजबूत कुठली मिळेल, एवढंच त्यानं विचारलं.

 वस्तादांनी सायकल उलटी केली, पाना घेतला आणि पुढचं चेनव्हील काढलं. अठ्ठेचाळीस दात्यांचं ते चेनव्हील श्रीरंगनं स्वतः लेथवर कातून चकचकीत केलं होतं. वस्तादांनी ते पेटीत टाकून कुलूप लावलं. मग माळ्यावरच्या भंगारातून एक मोडकी लहान मुलांची सायकल ओढली, तिचं चोवीस दात्यांचं गंजकं चेनव्हील सोडवलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि श्रीरंगच्या सायकलला बसवलं. मागचं फ्रीव्हील बदलून चौतीस दात्यांचं घातलं. तुटलेली चेन जोडली आणि तिच्या जादा कड्या तोडून खिशात टाकल्या.

श्रीरंगचा चेहरा पडला. दुकानात बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता पाय शिलाईमशीनसारखे हलणार आणि सायकल मुंगीसारखी सरकणार, हे कुणालाही कळत होतं. त्या गावात चढ चढायची एक रीत होती. लांबून वेग घ्यायचा, चढ लागला की पायडलवर उभं राहायचं, अंगाचं वजन टाकायचं आणि थांबायचं नाही. दूधवाले तसेच चढत, पाववाले तसेच. जो मध्ये थांबला तो हरला. श्रीरंगही तसाच चढायला शिकला होता, आणि शिकवलं होतं वस्तादांनीच. तो म्हणाला, वस्ताद, हे पोरांचं खेळणं झालं.

वस्ताद म्हणाले, "मीठ चढव मागं."

त्यांनी त्याला कुंभारवाड्याच्या चढावर नेलं. तो चढ घाटापेक्षा उभा. श्रीरंग सवयीनं वेग घ्यायला मागे निघाला, तेव्हा वस्तादांनी दांडा धरून सायकल चढाच्या पायथ्याशी उभी केली. इथूनच निघ म्हणाले. श्रीरंग निघाला. पाय भराभर फिरत होते, सायकल जेमतेम सरकत होती, वस्ताद काठी टेकत बरोबर चालत होते. दारातल्या बायका बघत होत्या. भर मध्यावर वस्ताद म्हणाले, थांब. श्रीरंगला वाटलं, आपली फजितीच करायची आहे. त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक दाबलेलाच राहावा म्हणून वस्तादांनी त्याच्या दांडीला रबराचा पट्टा अडकवला आणि त्याला पायडलवरून पाय काढायला लावले. मग समोरच्या दारातून पाणी मागवून त्याच्या हातात तांब्या दिला आणि स्वतः पायरीवर बसले.

श्रीरंग पाणी प्याला. बराच वेळ गेला.

"पडलास का?" वस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मागं घसरलास का?"

"नाही."

मग वस्ताद बोलले. श्रीरंगनं त्यांना एका वेळी इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"दोन चाकांवरच्या माणसाला हळू जाता येत नाही. हळू झाला की तोल जातो. म्हणून तो जोर करतो, आणि बघणारे त्याला ताकद म्हणतात. ती ताकद नाही, पडायची भीती आहे. मी तुम्हाला वेग घ्यायला शिकवलं ते दोन चाकांसाठी. तुझं अंग बदललं, गाडी बदललीस, आणि डोक्यात जुनीच रीत ठेवलीस. तुला उभं राहून वजन टाकता येत नाही. तुझं वजन खुर्चीत पडलंय. जोर करशील तर तो तुझ्याच गुडघ्यात जाईल. पण वरच्यानं एक सोय दिलीय. तू कितीही हळू गेलास तरी पडत नाहीस. थांबलास तरी पडत नाहीस. ती सोय वापरायची तुला लाज वाटते." मग त्यांनी विचारलं, "मायाप्पानं तुला खाली आणलं, ते धावत आणलं का?"

 श्रीरंगला ती पायवाट आठवली. मायाप्पानं त्याला सतरा वेळा खाली ठेवलं होतं. वेदनेत दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून त्यानं ते मोजलं होतं. दर वेळी मायाप्पा दगडावर बसे, दम खाई, पाठीची गाठ पुन्हा बांधी. आणि दर वेळी श्रीरंग मनात चिडत असे, की हा माणूस सारखा थांबतो का. आपण वाचलो ते त्या थांबण्यामुळे, हे त्याला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. एका दमात उतरायला गेला असता तर मायाप्पा पहिल्याच घसरणीला पडला असता, आणि दोघेही गेले असते.

वस्तादांनी ब्रेकचा पट्टा काढला. श्रीरंग उरलेला चढ चढून गेला. बायकांकडे त्यानं पाहिलं नाही, पण मानही खाली घातली नाही.

महाशिवरात्रीला चार दिवस होते तेव्हा तो निघाला. दिवस उजाडताना पायथ्याशी होता. चौकटीवर पन्नास किलोचं पोतं आणि वर दोन किलोची वेगळी पिशवी. नऊ किलोमीटरचा घाट. दुसऱ्या वळणावर दुधाची पोरं उभी राहून पायडल मारत त्याच्या पुढे गेली. उशीवाला पोरगा वळून म्हणाला, या हिशेबानं मीठ पावसाळ्यात पोचेल आणि विरघळूनच जाईल. श्रीरंगला हसू आलं. त्यानं पट्टा अडकवला, दोन घोट पाणी प्याला आणि पुन्हा पाय फिरवायला लागला. दमला की थांबे. दम आला की निघे. सुरुवातीला तो थांबे मोजत होता. सतरा झाले, त्यापुढे त्यानं मोजणं सोडून दिलं. शेवटच्या वळणापाशी चढ इतका उभा होता की शेजारून चाललेली एक गवताचा भारा घेतलेली बाई त्याला मागे टाकून गेली. गुडघ्यात कळ मात्र आली नाही.

साडेअकराच्या सुमारास पठार लागलं. मेंढवाड्याच्या कुंपणाशी मायाप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं सायकल पाहिली, चाकं मोजावीत तसं एकेका चाकाकडे पाहिलं, मागे मोटार जोडलीय का म्हणून वाकून पाहिलं. पोत्याला हात घालून वजनाचा अंदाज घेतला आणि वरची पिशवी कशाला म्हणून विचारलं. श्रीरंगनं सांगितलं, बावन्न होतो. पोतं पन्नासचं मिळतं.

मायाप्पानं पोतं सोडलं. मुठी भरभरून मीठ सपाट दगडांवर पसरलं. मेंढरं गोळा झाली आणि चाटू लागली. पिशवीही त्यानं दगडावर पालथी केली, रिकामी झटकली.

"फिटलं," तो म्हणाला.