सकवारमायचा मोहाचा मोरावळा

फार वर्षं झाली. आजच्या म्हाताऱ्यांचे आजे रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. जंगलाकाठच्या सावळटोलीत धुरपता नावाची बाई राहायची. तिच्या मोरावळ्याला तोड नव्हती. बाजारातून खडीसाखर आणायची, काचेसारखा पाक करायची, आणि मातामायच्या जत्रेत देवीला पहिला नैवेद्य तिच्याच बरणीतला. त्या मानावर तिचा भारी जीव. नवऱ्यावरही तेवढा नव्हता, असं म्हणतात.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सकवार तिची जाऊ होऊन आली. नेमकी त्याच साली बाजारात साखर आली नाही. धुरपता रिकाम्या कढईपुढे बसून राहिली. सकवारनं मात्र वाळलेली मोहाची फुलं भिजवली, उकळली, फडक्यातून गाळली, तो रस घट्ट आटवला आणि त्यात आवळे सोडले. मोरावळा झाला काळाकुट्ट. पण गावानं बोटं चाटली, आणि देवीपुढे सकवारची बरणी गेली.

धुरपताचा नुसता जळफळाट झाला. "मोहाचं हाये ते," ती विहिरीवर सांगत सुटली, "आंबीन, फेस धरीन, दारू होईन त्याची!"

पण आंबायला उरायला तर हवा! सकवार थोडा करायची आणि वाटून टाकायची. बाळंतिणीला द्यायची, खोकणाऱ्या म्हाताऱ्याला द्यायची, गुराख्यांच्या भाकरीवर घालायची. तिच्या कढईभोवती मधमाश्या घोंघावायच्या, पण कुणाला डसायच्या नाहीत, असं म्हणतात. पुढच्या साली साखर आली, तरी लोक सकवारच्याच दारी. धुरपताला ते बघवेना. तिनं तो मोरावळा कधी जिभेलाही लावला नाही, उलट एक भरलेली बरणी गुपचूप उचलली, घट्ट झाकण लावून धानाच्या कणगीत पुरली आणि जत्रेची वाट बघत बसली.

जत्रेच्या दिवशी सगळ्या गावासमोर तिनं ती उघडली. भसकन फेस वर आला, आंबूस वास सुटला, वर बुरशीचा थर. "पाहा! हा तुमच्या लाडकीचा मोरावळा!"

हरवलेली बरणी सकवारनं ओळखली, पण चोरीचं नाव काढलं नाही. ती ताजी कढई घेऊन आली आणि पहिला डाव धुरपताच्या हातावर ओतला.

"बाई, मोहाचा गोडवा कोंडून नाई राहात. तुमी तं अजून चाखलाच नाई. आधी तुमी घ्या."

गाव बघत होतं. धुरपतानं चाटला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खरंच तिच्या मोरावळ्याहून सरस होता, हेच तिला सोसेना. तिनं पुन्हा हात पुढे केला. मग सगळं गाव जेवलं, तरी त्या दिवशी कढईचा तळ दिसला नाही, असं म्हणतात.

धुरपता पुढे मोहाचा मोरावळा शिकली, पण कुरकुर सोडली नाही. मरताना म्हणाली, "गाव सकवारचंच नाव घेईन. माह्यं कोण घेते?"

आजही सावळटोलीत जत्रेला सकवारमायच्या नावानं मोहाचा मोरावळा शिजतो. बरणीला झाकण लावत नाहीत, नुसतं फडकं बांधतात. आणि पहिला डाव देवीच्याही आधी, जी आपला सगळ्यात जास्त हेवा करते, त्या बाईच्या हातावर घालतात. घालताना प्रत्येक घरची बाई म्हणते, "धुरपताबाई, आधी तुमी."