कॅमेऱ्याची मान

"मग त्या कॅमेऱ्याची मान फिरवतं कोण, भंतेजी?"

वंदन राहिलंच. राजरत्नने विहाराच्या पायरीवरूनच विचारलं, एक चप्पल पायात, एक बाहेर.

भंते सुमेधकीर्ती अंगणात कडुनिंबाचा पाला झाडत होते. खराटा थांबला नाही.

"आधी चपलेचं ठरव," ते म्हणाले. "मग कॅमेऱ्याचं बघू."

राजरत्नने दुसरी चप्पलही काढली. हात जोडले, वाकला, आणि वाकल्या वाकल्याच बोलत सुटला.

"मी नाही फिरवत. माझा फोन माझ्या खिशात असतो आणि तो तिकडे घरी आपोआप वळतो. आई दादाच्या खोलीत आली की तिच्याकडे. ती खिडकीकडे गेली की खिडकीकडे. बसली… की खाली."

"आई काय म्हणते?"

"म्हणते, धम्मा आहे."

खराटा थांबला.

धम्मपाल म्हणजे राजरत्नचा थोरला भाऊ. गावात त्याचं स्वतःच्या नावाचं दुकान होतं, घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचा. उन्हाळ्यात मोटरसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. ती बातमी घरी फोनवर आली, आणि तो फोन नेमका आईने उचलला. तेव्हापासून फोन वाजला की आई उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. कोणाचाही असो. धाकट्याचा असला तरी.

धाकटा म्हणजे राजरत्न. तो दूर कालव्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. रिंग वाजत राहायची आणि हा पठ्ठ्या मशीनच्या केबिनमध्ये वेडापिसा व्हायचा. थांबणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. शाळासुद्धा त्याने तशीच सोडली होती, गुरुजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

म्हणून मागच्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने मान फिरवणारा कॅमेरा आणला आणि दादाच्या खोलीत, दादाच्या फोटोसमोर लावला. आई दिवसभर तिथेच बसायची.

"कॅमेरा घरात आहे," भंते म्हणाले. "तू कालव्यावर. मग तू त्यातून बघतोस कसा?"

राजरत्नने डोळे पुसले. आता त्याच्या आवाजात थोडा ताठा आला.

"तेच तर केलंय मी! आमच्या घरी दोन राऊटर आहेत, भंतेजी. पहिला दाराजवळ, कंपनीचा. दुसरा आत, दादाने स्वतः लावलेला. दादा म्हणायचा, पहिला म्हणजे आपली ओसरी. पाहुणा आला, वरचा भाडेकरू आला, त्यांनी तिथून इंटरनेट घ्यावं. दुसरा म्हणजे माजघर. आईचा टीव्ही, दादाचा कॉम्प्युटर, आमचे सगळ्यांचे फोटो, सगळं त्या दुसऱ्याच्या मागे. बाहेरून कोणालाच तिथे येता यायचं नाही. मलासुद्धा नाही!"

"मग?"

"मग मी वाट काढली. व्हिडिओ बघून बघून. कंपनीच्या राऊटरमधून एक रस्ता उघडला आणि सरळ दादाच्या राऊटरला नेऊन जोडला. दादाच्या राऊटरमध्ये एक खटका असतो, बाहेरून चालवायचा. दादाने तो बंद ठेवला होता. मी चालू केला. आता जगात कुठेही बसून मी आधी ओसरीत येतो, मग माजघरात, मग कॅमेऱ्यात." त्याने छाती भरून श्वास घेतला. "हे दादालासुद्धा जमलं नव्हतं."

"धम्मपालला जमलं नव्हतं," भंते म्हणाले.

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, हसले नाहीत. पण राजरत्नच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. विहारातल्या ध्वनिक्षेपकापासून दवाखान्याच्या कॉम्प्युटरपर्यंत गावातलं काहीही बिघडलं, की लोक ज्याला हाक मारायचे, त्याला एक खटका दाबायला जमलं नव्हतं…

"म्हणजे… त्याने केलं नव्हतं," राजरत्न पुटपुटला.

"कुलूप?"

"आहे ना. पासवर्ड आहे. दादाचं नाव."

"दुकानाच्या पाटीवर आहे तेच?"

"दुसरं काही सुचेना, भंतेजी. बोटं तेच लिहीत होती."

"आणि कंपनीच्या राऊटरला?"

"तो आला तसाच आहे. अख्ख्या गल्लीला तोच पासवर्ड आहे."

भंत्यांनी खराटा झाडाला टेकवला आणि नळावर हात धुतले. त्यांच्या हात धुण्यातही घाई नसायची. राजरत्नला लहानपणापासून त्याचं नवल वाटायचं. आज मात्र त्याला ते सहन होईना.

"बोला ना काहीतरी! मला काय कळत नाही? कोणीतरी परका शिरलाय आणि बसलाय बघत. दहावी झालो नाही म्हणून इतका बैल नाही मी." मग त्याचा आवाज फाटला. "पण आई त्याच्याशी बोलते, भंतेजी. दादा गेल्यापासून ती तोंड उघडत नव्हती. आता त्या कॅमेऱ्यापुढे चहा ठेवते, बिस्किट ठेवते, दिवसभराचं सांगते त्याला. तो मान वळवतो, आणि ती हसते… मी ते बंद करू? तिचा मुलगा मी दुसऱ्यांदा मारू? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

भंते आत गेले. पात्र घेऊन बाहेर आले.

"चल," ते म्हणाले. "भिक्षेची वेळ झाली."

त्या गावात भंत्यांची एक रीत सगळ्यांना ठाऊक होती. ते दारापुढे उभे राहायचे. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, आत डोकवायचं नाही. कोणी आतून आलं आणि पात्रात काही घातलं, तर घ्यायचं. नाही आलं, तर मान खाली घालून पुढच्या दारी जायचं.

राजरत्नच्या घराचं फाटक सताड उघडं होतं. त्यामागचं दारही उघडं. दोन्ही एका रेषेत, रस्त्यावरून थेट दादाच्या खोलीपर्यंत दिसेल असं. दादा गेल्यापासून राजरत्न घरी असला की कोणालाही दार लावू देत नसे. का, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

भंते फाटकापाशी उभे राहिले.

"या ना, भंतेजी."

भंते उभेच.

तेवढ्यात गल्लीतलं लंगडं कुत्रं आलं. भंत्यांच्या चिवराला घासून फाटकातून आत गेलं, ओसरी ओलांडली, दादाच्या खोलीत शिरलं, आणि तोंडात बिस्किट धरून आलं तसं बाहेर निघालं.

"हाड! हाड रे, मेल्या!" राजरत्न दगड शोधू लागला. "दादाचं बिस्किट होतं ते!"

"त्याच्यावर का रागावतोस?" भंते म्हणाले. "दार उघडं होतं."

"मग तुम्ही तरी या की! तुमच्यासाठीही उघडंच आहे."

"उघडं आहे म्हणूनच उभा आहे."

राजरत्नच्या हातातला दगड हातातच राहिला.

आतून आई आली. कौतिकाबाई. वाळून काडी झाली होती, पण डोळ्यांत आज चमक होती.

"भंतेजी! आन् असे उन्हात काहून उभे? या, या. माह्या धम्माले भेटा. तो पाह्यतेच हाय तुमची वाट."

बोलावणं आलं, तेव्हा भंते आत गेले.

दादाची खोली. भिंतीवर फोटो, फोटोला पांढऱ्या फुलांचा हार. समोर फळीवर कॅमेरा, आणि त्याच्यापुढे कपभर चहा, साय धरलेला. रिकामी बशी.

राजरत्नने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना दिसेल असा चटईवर पालथा ठेवला. हात मागे बांधले.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग… बारीकसा आवाज झाला. कॅमेऱ्याची मान वळली. आईवरून राजरत्नवर. राजरत्नवरून भंत्यांच्या चिवरावर. तिथे थांबली. मग हळूहळू वर, चेहऱ्यापर्यंत.

"पाह्यलं?" आई लहान मुलीसारखी हसली. "पाह्यलं नं, भंतेजी? वयखलं त्यानं तुमाले."

राजरत्नने भंत्यांकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता भंते तिला सांगतील. आता ती मोडेल.

भंत्यांनी तिला काहीच सांगितलं नाही. चटईवर बसले आणि गावगप्पा मारायला आल्यासारखं विचारलं,

"माय, धम्मपाल कामावरून घरी यायचा, तेव्हा कसा यायचा?"

"कसा म्हंजे?"

"त्याच्याकडे दाराची किल्ली होती?"

"होती नं. दोन्ही दाराची होती." आई खाली बसली. बोलणं निघालं की तिला बरं वाटायचं. "पन कवाच वापरली नाही त्यानं. फाटकापासूनच वरडे, आये, मी आलो वं! मंग दारात उभा राहे. मी म्हनो, अरे किल्ली हाय नं तुह्यापाशी, मी कनिक मळून राहिली. तो म्हने, तू आतून उघडलं म्हंजेच घरी आल्यासारखं वाटते…"

ती थांबली.

"कितीबी उशीर झाला तरी हाक देये," ती हळू म्हणाली. "हाक देल्याशिवाय उंबऱ्यात पाय नाही ठेवला त्यानं…"

कॅमेऱ्याची मान वळली. भंत्यांवरून आईवर आली आणि तिथे थांबली.

आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तिचा हात वर गेला. खांद्यावरचा पदर तिने ओढला, डोक्यावरून घेतला, कपाळाच्या खालपर्यंत आणला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. परका पुरुष घरात आला की तिच्या पिढीतल्या बाया फिरवतात तसं.



राजरत्न झेपावला. कॅमेऱ्याची वायर त्याने अशी हिसडली की चहाचा कप कलंडला. कॅमेरा जमिनीवर आपटणार, एवढ्यात भंते म्हणाले,

"डोळा मिटलास. दारं?"

राजरत्न थांबला. धापा टाकत उभा राहिला. कॅमेरा हातात होता, पण वाट तशीच उघडी होती, ओसरीतून माजघरापर्यंत. कॉम्प्युटर होता, फोटो होते, टीव्ही होता. जो आला होता त्याला फक्त बघायला एक डोळा कमी झाला होता.

तो दादाच्या खुर्चीवर बसला. पहिल्यांदाच बसला. कॉम्प्युटर लावला. कंपनीच्या राऊटरमधला रस्ता बुजवला. दादाच्या राऊटरमधला तो खटका बंद केला, दादाने ठेवला होता तसा. कंपनीच्या राऊटरचा, अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेला पासवर्ड बदलला. आयुष्यात एखादं काम त्याने इतकं सावकाश केलं नसेल.

मग दादाच्या राऊटरच्या पासवर्डपाशी आला आणि अडला. बोटं पुन्हा त्याच अक्षरांवर गेली होती.

"दुसरं नाव टाकलं, तर त्याला पुसल्यासारखं होईल, भंतेजी."

"जे नाव तुला साऱ्या जगाला सांगावंसं वाटतं," भंते म्हणाले, "त्याची किल्ली कशी होईल?"

राजरत्न रडला. रडत रडतच त्याने काहीतरी वेडंवाकडं, लांबलचक लिहिलं, जे कोणत्याच पाटीवर नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून दोन भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. भंते तोवर बाहेर जाऊन फाटकापाशी उभे राहिले होते. तिने पात्रात भिक्षा घातली, हात जोडले. तिचे डोळे कोरडे होते. आत जाताना ती दारापाशी थबकली. राजरत्नकडे पाहिलं, जणू परवानगी मागावी तसं.

राजरत्नने मान हलवली.

तिने दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. धम्मपाल गेल्यानंतर राजरत्नच्या देखत पहिल्यांदा.

राजरत्न भंत्यांच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. लंगडं कुत्रं उकिरड्याजवळ झोपलं होतं.

"मी उद्या साइटवर चाललो, भंतेजी. आता मला ती दिसणार नाही. फोन लावला तर उचलत नाही. मी घरात येऊ कसा?"

"मी रोज कसा येतो?"

"तुम्ही… येता. उभे राहता."

"हं."

"आणि तिने नाहीच उघडलं तर?"

भंत्यांनी पात्र चिवराखाली सारखं केलं. उन्हात डोळे बारीक करून बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"तर मी उद्या पुन्हा येतो."