आधी कोण उठणार?

“एक तास कुठून आणू, भन्ते?”

भन्ते रेवत विहाराच्या ओसरीत धुतलेलं चीवर वाळत घालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“कशासाठी?”

“व्यायामासाठी. डॉक्टरीणबाई म्हणतात, खुर्चीतून मधूनमधून उठत जा. दोन मिनिटं चाला, जिना चढून या, जागच्या जागी उठाबशा काढा. असलं तुटक-तुटक मला जमत नाही. मी विद्यापीठाच्या कबड्डी संघाची कॅप्टन होते, भन्ते. करायचं तर तासभर, अंग घामानं निथळेपर्यंत. आणि तेवढा वेळ मला मिळत नाही.”

“मग काय करतेस?”

“काहीच नाही.”

हे सांगतानाही विशाखा ढोकेची मान ताठ होती.

नागपूरच्या एका कंपनीत ती नकाशे काढण्याचं काम करायची. आकाशातून घेतलेली छायाचित्रं संगणकावर उघडायची आणि त्यांतले रस्ते, नाले, पूल, घरं माऊसने रेखाटत जायचं. आता तिच्या हाताखाली अख्खा मजला होता. सकाळी ती खुर्चीत बसली की दिवस मावळेपर्यंत क्वचितच हलायची. डबासुद्धा तिथेच, कीबोर्ड बाजूला सारून. तिच्या मजल्याचं काम कधी उशिरा गेलं नव्हतं. कंपनीत तिला ‘खांब’ म्हणत. तिला ते आवडायचं.

गेल्या महिन्यात तिच्या मजल्यावरचा सुयोग नंदेश्वर पोटरी सुजून इस्पितळात गेला. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. वेळेत कळलं, म्हणून निभावलं. त्यानंतर कंपनीने सगळ्यांची तपासणी करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी विशाखाच्याही घोट्यावर बोट दाबलं आणि पडलेला खळगा किती वेळ तसाच राहतो, ते तिला दाखवलं.

तिने ते मनावर घेतलं नाही. पण आईने हट्ट धरला, म्हणून त्या शनिवारी भंडाऱ्याच्या पुढे, तलावाकाठच्या या विहारात आली.

“तो सुयोग कसा आहे?” भन्तेंनी विचारलं.

“बरा आहे. येईल लवकरच कामावर. मी काही त्याला बांधून ठेवलं नव्हतं, भन्ते. उठायचं होतं तर उठायचं. त्याला कोणी अडवलं होतं?”

भन्तेंनी चीवराची सुरकुती हाताने सरळ केली.

“चल. बैठकीची वेळ झाली.”

“बसायचं मला शिकवावं लागणार नाही,” ती म्हणाली. “बसण्यात माझा कोणी हात धरणार नाही.”

“असं?”

“बघाच तुम्ही.”

*

विहारातली रीत साधी होती. काही वेळ ध्यानाला बसायचं. घंटा झाली की उठायचं, हातपाय मोकळे करायचे, ओसरीत फेऱ्या मारायच्या. मग पुन्हा बसायचं. घंटा वाजवायचं काम स्वयंपाक सांभाळणाऱ्या कौसल्याबाईंचं.

विशाखा सगळ्यांच्या पुढे, थेट भन्तेंच्या समोर बसली. मागे गावातली काही माणसं होती.

घंटा झाली.

मागे सतरंज्या सरकल्या. कोणाचा तरी गुडघा कटकन वाजला. विशाखा हलली नाही.

तिने पापणी किंचित उघडून पाहिलं. भन्तेही हलले नव्हते.

तिला आतून हसू फुटलं. म्हणजे भन्ते आपली परीक्षा बघताहेत... बघू दे.

जे उठले होते, ते दोघांकडे पाहून घुटमळले. गुरू बसलेत, पाहुणी बसलीय, आपण कसं फिरायचं? एकेक जण पुन्हा खाली बसला.

दुसरी घंटा झाली. तिसरी झाली.

विशाखाच्या मांड्यांत मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. पाय आपले आहेत की नाहीत, हेही कळेना. पण पाठ ताठ होती. मैदानावर दम कोंडून प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात उभं राहायची, तेव्हा असंच वाटायचं तिला. समोरचा आधी हलला पाहिजे. आपण नाही.

दारात कौसल्याबाई येऊन उभ्या राहिल्या. गेल्या. पुन्हा आल्या. खाकरल्या.

भन्ते डोळे मिटून बसले होते.

सतरंजीवरचं ऊन उंबऱ्यापाशी आलं, मग बाहेर सरकलं.

शेवटी विशाखाने डोळे उघडले. कोणी हरलं म्हणून नव्हे. आता पुरे, जिंकलोच आपण, असं वाटलं म्हणून.

भन्तेंनीही डोळे उघडले.

“बघितलंत?” ती म्हणाली.

“बघितलं,” भन्ते म्हणाले.

“डोंबलाचं बघितलं!” कौसल्याबाईंना राहवलं नाही. “मध्यान्ह टळली, बाई. भन्तेजी दुपार कलल्यावर अन्नाला शिवत नाहीत, ठाऊक नाही का तुम्हाले? पहाटे उठून पातोडीचा रस्सा केला होता मी. आता उद्या सकाळपर्यंत उपाशी राहतील ते. तुमच्यापायी!”

विशाखाचा चेहरा उतरला.

भन्ते उठू लागले. एक हात जमिनीला टेकवला, एक पाय पुढे घेतला. पण त्या पायाला भार पेलेना. ते बाजूला कलले.

विशाखा त्यांना धरायला झेपावली. तिचे पाय तिच्याबरोबर आलेच नाहीत. ती दोन्ही हातांवर आपटली.

गुरू एका अंगाला, पाहुणी पोटावर. मागे कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

विशाखा कशीबशी उठून बसली. बोटांनी पाय चेपू लागली. चेपलेलं तिला जाणवत नव्हतं.

“भन्ते... घंटा झाली होती. तुम्ही उठायचं होतं.”

“तू बसली होतीस.”

“म्हणून काय झालं? तुम्हाला कोणी अडवलं होतं?”

भन्ते फक्त तिच्याकडे पाहत राहिले.

विशाखाचे हात थांबले.

आपलंच वाक्य होतं ते. सकाळी ओसरीत किती ठसक्यात बोललो होतो...

तिला सुयोग दिसला. संध्याकाळी सगळे कामात असताना तो टेबलाखाली पाय चोळायचा. एकदा तो अर्धवट उठला होता. तिने पडद्यावरून नजर काढून नुसतं त्याच्याकडे पाहिलं होतं. रागाने नाही, सहजच. तो बसला होता.

ती वळली. मागची सगळी माणसं अजून बसूनच होती. एक म्हातारबुवा दोन्ही हातांनी आपला गुडघा सरळ करत होते.

“मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली.

“नाही,” भन्ते म्हणाले. “तू कुठे म्हटलंस...”



मग भन्तेंनी कौसल्याबाईंना सांगितलं, “दुपारची घंटा हिच्याकडे द्या. आणि घंटा झाली की सगळ्यांत आधी हीच उठेल.”

त्या दुपारी विशाखाने घंटा वाजवली आणि उठली. हात वर ताणले. टाचा उचलल्या, टेकवल्या. भिंतीला तळवे लावून अंग पुढे-मागे लोटलं. ओसरीत झपझप फेऱ्या मारल्या आणि जरा धाप लागते तोच पुन्हा बसायची वेळ झाली.

“एवढंसंच?” तिने विचारलं. “याला व्यायाम म्हणायचं?”

“म्हणू नकोस. कर.”

*

सोमवारी तिच्या मजल्यावर नेहमीसारखी शांतता होती. माऊसची टिकटिक, पंख्यांचा आवाज.

मध्येच विशाखा उठली. ओढणी कमरेला बांधली आणि खुर्चीशेजारी उभी राहून उठाबशा काढू लागली.

टिकटिक थांबली.

शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी दिसत होती ती. कोपऱ्यातून कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, “मॅडमची काय चूक झाली?”

हसू फुटलं.

विशाखाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बसून घ्यावं, असं एक क्षण वाटलं.

“झाली आहे चूक,” ती म्हणाली. आणि थांबली नाही.

हसू विरलं. पण उठलं मात्र कोणी नाही. ती जिन्याने वरच्या मजल्यापर्यंत गेली, परत आली, कामाला बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. पुन्हा कोणी नाही. घरी आली तेव्हा तिला वाटलं, एवढी फजिती आपण मैदानावरही करून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात असताना मागून चपलांचा आवाज आला. मोहिनी नावाची एक नवी मुलगी होती. काही न बोलता तिच्यामागून चढत होती. विशाखा चढत राहिली.

आठवडा संपता संपता जिना भरून जाऊ लागला.

सुयोग कामावर आला, त्या दिवशी विशाखा त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. काय बोलावं, ते तिने घरून ठरवून आणलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

“चल,” ती म्हणाली. “मी उठलेय.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग टेबलाला धरून सावकाश उठला.

*

काही महिन्यांनी विशाखा पुन्हा विहारात आली. मान तशीच ताठ.

“वंदामि, भन्ते.”

“ये. पाय कसे आहेत?”

“उत्तम. सूज गेली. काम कमी झालेलं नाही, उलट चुका घटल्यात. आता दुसऱ्या मजल्यावरचे आम्हाला बघायला येतात. मी उठले की अख्खा मजला उठतो, भन्ते. एकही मागे राहत नाही!”

भन्ते पाण्याचा तांब्या भरत होते. “आणि तू नसलीस की?”

विशाखा अडखळली.

“तेच सांगायला आलेय...”

भन्तेंनी तांब्या खाली ठेवला.

“परवा साहेबांनी मला बैठकीत अडकवून ठेवलं. मी उठायची वेळ टळून गेली. मनात म्हटलं, बसले असतील बिचारे माझी वाट बघत. धावत आले, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. सगळे जिन्यात. कोणी माझी वाट बघितली नव्हती.”

“राग आला?”

“आला. खोटं कशाला बोलू? मला विचारलंसुद्धा नाही कोणी. मग काल मी मुद्दाम उठलेच नाही. मान खाली घालून बसून राहिले. म्हटलं, बघू.”

“मग?”

“पहिल्यांदा सुयोग उठला. सरळ माझ्यासमोरून गेला, भन्ते! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. त्याच्यामागून मोहिनी. मग बाकीचे. वरच्या मजल्यावर सगळ्यांत आधी सुयोग पोचला. त्याच पायांनी. आणि वरून ओरडला... मला, भन्ते, मला... ‘मॅडम, बसून काय राहिलात?’”

तिने ओढणीने डोळे टिपले. पण मान खाली गेली नाही.

“काय केलंस?”

“गेले. सगळ्यांच्या मागून.”

भन्ते रेवतांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मग हसले.

“आता उठलीस.”