ओलं फडकं

एके काळी एक म्हातारी मिठाईवाली जपानातल्या एका डोंगराळ गावात राहत असे. दुकान तिने कधी मांडलंच नाही. जे काही करायची ते स्वतःच्या स्वयंपाकघरात. तिच्या हातची दोरायाकी साऱ्या गावाला प्रिय होती. दोरायाकी म्हणजे अंडी, मैदा आणि मध यांच्या पिठाच्या, तव्यावर भाजलेल्या दोन मऊ चकत्या आणि त्यांच्यामध्ये लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. आपल्या पुरणाची बहीणच म्हणा, फक्त वेलदोडा नाही. गावच्या मंदिरात वसंतोत्सवाचा नैवेद्य गेली चाळीस वर्षं याच घरातून जात होता.

अलीकडे मात्र म्हातारीची नजर अधू झाली होती. चकतीचा रंग तिला ओळखू येईना, आणि दोरायाकीत तर सगळा खेळ रंगाचाच. गावच्या मुखियाने निरोप पाठवला, "यंदा तुमच्या शिष्येने आमच्यासमोर बारा दोरायाकी करून दाखवाव्यात. बाराही सारख्या उतरल्या तर नैवेद्य तुमच्याच घरचा. नाही तर शहरातल्या कारखान्यातून खोकी मागवू."

शिष्या निर्धास्त होती. तीन वर्षं ती बाईंजवळ शिकत होती. म्हातारीला ती बाईच म्हणायची. पुरण घोटण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. भाजण्याचं म्हणाल, तर रोजची पहिली चकती बाई तिला भाजायला लावत आणि पुढच्या स्वतः भाजत. तिची ती पहिली चकती वर्षभरात एकदाही बिघडली नव्हती. मग चिंता कसली?

ठरल्या दिवशी सकाळी मुखिया दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर बसला. बाई भिंतीला टेकून बसल्या. मंद आचेवर तापलेल्या लोखंडी तव्यावर शिष्येने पळीभर पीठ सोडलं. ते आपसूक गोल पसरलं. वर बुडबुडे येताच तिने उलथन्याने चकती अलगद उलटली. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तांबूस रंग! कुठे डाग नाही, कुठे पांढुरका पट्टा नाही.

"वा!" मुखियाच्या तोंडून निघून गेलं.

शिष्येच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने लगेच दुसरी पळी सोडली. ही जरा काळपट उतरली. तिसरी कडेने करपली आणि मध्ये कच्ची राहिली. तिने आच कमी केली. तरी चौथी बुडाला काळी ठिक्कर. मध जास्त झाला असेल, अंडी मोठी असतील, असं ती पुटपुटत राहिली. मधाला बोल लावणं सोपं असतं, तो उलट बोलत नाही. पाचवी करपली तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांची परंपरा आपल्या हातून आज, या चुलीपाशी, संपणार! दाराशी एक वडीलधारी व्यक्ती घसा खाकरून उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांनी रसरसलेला तवा चुलीवरून उचलला आणि शेजारच्या घडी घातलेल्या ओल्या फडक्यावर टेकवला. चर्रर्र आवाज झाला, वाफ उठली.

शिष्या घाईने पुढे झाली. "बाई, राहू द्या, मी धरते. तुमचं मनगट दुखेल."

"माझ्या मनगटाला काय धाड भरलीय?"

"रोज तवा जड होतो म्हणून तुम्ही मध्ये मध्ये खाली टेकवता ना... मला माहीत आहे, बाई. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघते."

बाई मनापासून हसल्या. "तीन वर्षं! अगं, जे बघायचं होतं त्याच वेळी तू मान वळवत होतीस. आणि मीही वेडी, तू बघतेच आहेस असं धरून चालले."

त्यांनी तव्यावर हात धरून ऊब जोखली आणि सांगितलं, "नीट ऐक. पहिली चकती उत्तम झाली, तेव्हा तवा जेवढा हवा तेवढाच तापलेला होता. ती भाजता भाजता तो आणखी तापला. त्यावर तू दुसरी टाकलीस. पीठ तेच, मध तोच, हातही तोच. ती काळवंडली पहिलीच्या यशाच्या तापावर. एक काम साधलं की त्याची धग आपल्यात उरते. त्या धगीवरच पुढच्या कामाला हात घातला की ते जळतं, आणि आपण दोष देतो पिठाला. म्हणून दर चकतीनंतर तवा खाली उतरवायचा आणि निववायचा. शंभरावी चकती घालतानाही तो पहिलीच्या वेळी होता तसाच असला पाहिजे. आणखी एक. माझं दुखतंय असं वाटलं तर मान वळवू नकोस, सरळ विचार. माणसाचा मान राखणं निराळं आणि त्याच्याकडे न बघणं निराळं."

शिष्येने डोळे पुसले, बिघडलेल्या चकत्या बाजूला सारल्या आणि नव्याने सुरुवात केली. एकेक चकती काढावी, तवा फडक्यावर टेकवावा, थांबावं, मगच पळी उचलावी. काम संथ झालं. दाराशी बसलेले तिघे चुळबुळ करू लागले, पण तिने तिकडे लक्षच दिलं नाही. ऊन अंगणात उतरलं तेव्हा ताटात पुरण भरलेल्या बारा दोरायाकी होत्या, आणि त्यांतली पहिली कुठली नि शेवटची कुठली हे खुद्द तिलाही सांगता आलं नसतं.

मुखियाने एक चाखली, मग दुसरी उचलली. हात पुसत तो म्हणाला, "खोकी नकोत. पोरी, खरं सांगू का? बाईंपेक्षाही काकणभर सरस झाल्यात!"

बाईंची अधू नजर शिष्येकडे वळली.

शिष्येने कमरेत वाकून नमस्कार केला. मग ती शांतपणे म्हणाली, "या झाल्या आजच्या. उत्सवाच्या नव्याने कराव्या लागतील."

बाई समाधानाने पुन्हा भिंतीला टेकल्या.