खांबाआडची फुंकर

हा प्रसंग प्रस्तुत लेखकाने १७ जानेवारी २०२३ रोजी दुपारी, जलगतिकी प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर, डॉ. मैथिली ढमढेरे यांच्या तोंडून ऐकला. प्रसंग घडला तेव्हा त्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. संवाद शक्य तितके त्यांच्याच शब्दांत दिले आहेत.

“म्हणजे चूक पाण्याची आहे?” तिचे मार्गदर्शक सातपुते सर यांनी विचारले.

मैथिलीला नेमके तेच म्हणायचे होते.

पुलाच्या खांबामागे पाणी कसे खवळते, याचे प्रतिरूप संगणकावर उभे करण्यात तिची चार वर्षे गेली होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पन्हळीत तसाच एक बोटभर खांब रोवला होता. त्याच्यामागचे पाणी शेपटी हलवावी तसे डावी-उजवीकडे झोके घेत भोवरे सोडत जाई. तिच्या पडद्यावरचे पाणी मात्र खांबाला वळसा घालून दोन सारख्या वेण्यांसारखे निपचित पडून राही.

सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. दोन्हीकडचे पाणी जुळले नाही, तर प्रबंध परत जाणार हे ठरलेले होते.

“माझ्या गणितात चूक नाही, सर.”

“कुठेच नाही?”

“शेवटच्या दशांशाला आकडा तोडावा लागतो, तिथे कणभर राहते. पण तीसुद्धा मी खांबाच्या दोन्ही अंगांना अगदी सारखी ठेवली आहे. त्यात एक वर्ष गेलं.”

“वा. चुकीचाही मधोमध भांग पाडलास.”

मैथिली हसली नाही.

सर तिला पन्हळीपाशी घेऊन गेले. पाणी निवळले होते. त्यांनी पंप सुरू केला. प्रवाह खांबाला भिडला, क्षणभर सरळ गेला, आणि मग त्याची शेपटी डावीकडे वळली.

“आधी डावीकडे का गेलं?”

“उजवीकडेही गेलं असतं, सर.”

“गेलं असतं. गेलं नाही.”

“…पंपाचा हादरा असेल. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. काचेवर धूळ असेल. नक्की नाही सांगता येणार.”

“हं.”

सर तिच्या टेबलाशी आले. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला, वाकले, आणि बशीतल्या चहावर घालावी तशी पडद्यावरच्या खांबापुढे, डाव्या अंगाला, एक हलकी फुंकर घातली.

मग काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले.

आपली थट्टा झाली, असे मैथिलीला वाटले. कान तापले. मग तिच्या लक्षात आले: पडद्यावरच्या पाण्याजवळून कधी ट्रक गेलाच नव्हता.

नंतर तिने खुर्ची पुढे ओढली. खांबाच्या पुढ्यात, एकाच अंगाला, प्रवाहाच्या वेगाच्या लाखाव्या हिश्श्याएवढा धक्का दिला. एकदाच. लगेच काढूनही घेतला. आणि गणित नव्याने चालू केले.

वेण्या तशाच राहिल्या.

वर्षभर बसवलेली ती शिस्त आपणच मोडली, तीही फुकट, असे तिच्या मनात येते न येते तोच डाव्या वेणीचे टोक थरथरले. मग उजव्या वेणीचे. सायंकाळपर्यंत खांबामागचे सगळे पाणी उसळत होते. मोठे भोवरे फुटून लहान होत होते, लहान फुटून आणखी लहान. तिने आपल्या झोक्यांचा आलेख पन्हळीतल्या आलेखावर ठेवला. झोक्यावर झोका चपखल बसला.

प्रयोगवाली मंडळी हातातली कामे टाकून तिच्या टेबलाभोवती जमली. “ढमढेरे, तुझ्या पाण्यात जीव आला गं,” कोणीतरी म्हणाले. आनंदाच्या भरात कोणी पंपही पुन्हा सुरू केला.

सर दारात येऊन उभे होते.

“जुळलं, सर.”

“पाहिलं.”

“पण परीक्षक विचारतील. ही फुंकर मी घातली, असं प्रबंधात लिहू?”

यापुढचे सरांचे वाक्य एकट्या डॉ. ढमढेरे यांनी ऐकले. पंपाचा आवाज मोठा होता, आणि पुढे सरांना विचारले असता ते नुसतेच हसले. तेव्हा एवढ्या भागाची खातरजमा कधीच करता आली नाही.

“लिही की. आणि नदीवर कोण घालतं ते कळलं, तर तेही लिही.”