चार पाचरी

"कपाट तुम्ही उघडलंत का, आई?"

सासूबाईंनी भाजी निवडता निवडता मान हलवली. नाही.

दार बोटभर उघडं होतं. शाल्मलीनं ते लावलं, पाठ फिरवली. मागं कर्र...

ती दचकली.

शिसवी कपाट तिच्या आत्याचं. आत्या गेल्यावर ते आठव्या मजल्यावरच्या या नव्या फ्लॅटमध्ये आलं. शाल्मली इंटिरिअर डिझाइन शिकलेली. पांढरी भिंत, वर दोन दिवे, शेजारी काही नाही. कॉम्प्युटरवर सगळं जुळलं होतं.

"ते कुरकुरतं, तू दचकतेस. माझं वाचन राहतं बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "हा सोडून पुढच्या रविवारपर्यंत गप्प झालं तर राहू दे. नाही तर जुन्या फर्निचरवाल्याला बोलावते."

शनिवारी आबा मेस्त्री आले. हे कपाट त्यांच्या वडिलांनी घडवलेलं.

"आबा, उजवा पाय आखूड झालाय. मी मापं काढलीत." तिनं ड्रॉइंगचा कागद पुढं केला.

आबांनी कागद जमिनीवर अंथरला आणि त्यावर गुडघे टेकले.

"खिळे कुणी मारले?"

"मीच. हलत होतं ना..."

आबांनी खिळे उपटले. मग सांधे घट्ट धरणाऱ्या चारही लाकडी पाचरी एकेक करून काढल्या, तिच्या तळहातावर ठेवल्या.

कपाट डुललं, कर्र वाजलं. शाल्मली दचकून मागं सरली. आबांनी तिच्याकडं पाहिलं.

"अहो, पडेल."

आबा उपटलेले खिळे पिशवीत टाकत होते.

"घट्ट करायला बोलावलं होतं मी. तुम्ही तर सैल केलंत."

"नवी जागा आहे. कळू दे त्याला."

"किती दिवस? आणि पाचरी केव्हा ठोकायच्या?"

आबा चपला घालत होते.

"फोन कर."

तिनं रविवारी केला. सोमवारी दोनदा केला. मंगळवारी तर वाजून वाजून बंद झाला.

कपाट बोलतच होतं. बुधवारी तिच्या ध्यानात आलं, वॉशिंग मशीन फिरायला लागलं की डावं दार कुरकुरतं. गुरुवारी कळलं, लिफ्ट थांबली की खालचा खण. शुक्रवारी तिनं कपाटात आत्याच्या साड्या लावल्या, आणि फोन करायचा राहून गेला.

रविवारी सकाळी लिफ्ट थांबली. खण गप्प.

तिनं दार लावलं. लागलं.

शाल्मलीनं नंबर फिरवला. या वेळी फोन उचलला गेला.

"आबा, मी शाल्मली. आवाज थांबलाय. पण पाचरींशिवाय किती दिवस ठेवायचं? त्या तुम्हीच ठोकायला हव्यात ना? का मी..."

स्वयंपाकघरात काहीतरी खणखणत खाली आलं. गोल फिरत राहिलं.

"...मी ठोकल्या तर चुकेल का?"

आबांनी उलट विचारलं,

"तुझ्याकडं आत्ता काही पडलं का गं?"

"हो, ताट पडलं असेल. का?"

"दचकली नाहीस. मग ठोक."