अर्ध्या घाटातली मोटार

घाटात बोगदा नव्हता तेव्हाची गोष्ट. एक आलिशान मोटार बाळंतवेणा सुरू झालेल्या हेमांगीला घेऊन पलीकडच्या दवाखान्यात निघाली. पायथ्याशी इंधनाचा काटा मोटारीला म्हणाला, "ताई, टाकी भरून घ्या."

मोटार हसली. "लिटरला पंधरा किलोमीटर जाते मी! परीक्षेत सिद्ध झालंय."

अर्ध्या घाटात ती आचके देत थांबली. "अरे देवा! टाकी फुटली की काय?"

"नाही. सगळं इंधन तुम्हीच प्यायलात," काटा म्हणाला.

"आता कशी पोचू मी?" हेमांगी कळवळली. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोने तिला घेतलं आणि वेळेत दवाखाना गाठला.

मोटार सुन्न उभी होती. "पण परीक्षा खोटी नव्हती रे!"

"कुठे झाली होती?" काट्याने विचारलं.

"बंद खोलीत, जागच्या जागी चाकं फिरवून," ती पुटपुटली. "तिथे चढ नव्हता. आणि कुठे पोचायचंही नव्हतं."